इश हाब दिश लीप आणि इश लीबे दिश, फरक नक्की काय? मैत्रिणीला जर्मनमध्ये काय म्हणू?

सोलापूरकर_आखेन

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथं नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. मी मूळचा सोलापूरचा, आखेनला मास्टर्स केलं आणि आता इथंच नोकरीला लागलोय. माझी मैत्रीण जर्मन आहे, ड्यूरेनजवळच्या छोट्या गावातली. आमचं सगळं बोलणं आजवर इंग्लिशमध्येच झालं कारण भेटलो तेव्हा माझं जर्मन बेकरीत पाव मागण्यापुरतं होतं. आता जर्मनची बी1 म्हणजे मधली पातळी झालीय, ऑफिसात बऱ्यापैकी बोलतो, आणि मनापासून असं वाटायला लागलंय की प्रेमाचं जे काही बोलायचं ते तिच्या भाषेत बोलावं, कारण ती आजीशी फोनवर बोलते तेव्हा तिचा आवाजच वेगळा होतो, मऊ होतो, आणि ते इंग्लिशमध्ये माझ्या वाट्याला येत नाही.

तर अडलंय कुठं ते सांगतो. फोन ठेवताना ती मला बऱ्याचदा इश हाब दिश लीप म्हणते. पण हेच ती आईला म्हणते, आजीला म्हणते, शाळेतल्या मैत्रिणीलाही म्हणते. इश लीबे दिश मात्र तिच्या तोंडून अजून ऐकलं नाही, इंग्लिशमधलं आय लव्ह यू दोघंही म्हणतो. मग लीप म्हणजे नुसती माया आणि लीबे म्हणजे खरं प्रेम असं आहे का? मी आधी म्हटलं तर चालेल का, की ते फार जड होईल?

दुसरं म्हणजे लाडानं हाक काय मारायची. नेटवर याद्या आहेत, त्यात उंदीर, ससा, अस्वल, चिमणी, गोगलगाय सगळं आहे, पण त्यातलं लोक खरंच काय वापरतात आणि काय म्हटलं तर विचित्र वाटेल हे यादीवरून कळत नाही. आणि तिसरं, ईस्टरला तिच्या घरी जायचंय, आईवडील आजी सगळे असतील, तिथं तिला काय म्हणायचं आणि त्यांना काय? क्लासमध्ये हे कुणी शिकवत नाही हो. जरा सविस्तर सांगा.

राइनकाठची

अरे बरं केलंस विचारलंस. मी बरीच वर्षं बॉनला आहे, नवरा इथलाच आणि सासूबाई ड्यूरेनच्याच बाजूच्या, त्यामुळे तुझ्या मैत्रिणीच्या घरचं बोलणं मला कानात ऐकू येतंय.

आधी हे मनातून काढ की लीप म्हणजे काहीतरी कमी. इंग्लिशमध्ये आय लव्ह यू हे एकच वाक्य आईलाही चालतं, लेकरालाही आणि नवऱ्यालाही. जर्मनमध्ये तेच काम दोन वाक्यांत वाटलं गेलंय. लीप हाबेन हे घरातलं, रोजचं, आई लेकराला झोपवताना म्हणते, लेकरू आजीला म्हणतं, जिवाभावाच्या मैत्रिणी एकमेकींना म्हणतात आणि नवराबायकोही म्हणतातच की. इश लीबे दिश मुख्यतः जोडीदारासाठी, आणि ते किती वेळा म्हणायचं हे घरोघरी वेगळं. तरुण मुलं आता सर्रास म्हणतात, काही जोडपी रोज सकाळी निघताना म्हणतात, पण माझ्या सासूसासऱ्यांच्या पिढीत तो जपून वापरायचा शब्द आहे, त्यांच्या तोंडून मी तो क्वचितच ऐकलाय आणि त्या दोघांइतकं एकमेकांना धरून असलेलं जोडपं मी दुसरं पाहिलं नाही.

त्यामुळे ती तुला लीप म्हणते याचा अर्थ असा की तिनं तुला आई आणि आजीच्या रांगेत बसवलंय. हे लहान नाही रे. ऑफिसातल्या मित्राला कुणी हे म्हणत नाही, शेजाऱ्याला म्हणत नाही. त्याच्या खालच्या पायऱ्या वेगळ्याच आहेत, इश माग दिश म्हणजे तू मला आवडतोस, हे मित्रालाही चालतं, इश हाब दिश गेर्न त्याहून जरा जवळचं, फेअरक्नाल्ट म्हणजे नुकताच कुणावर तरी जीव जडलाय, हा शाळाकॉलेजातला शब्द, आणि इश बिन इन दिश फेअरलीप्ट म्हणजे मी तुझ्या प्रेमात पडलोय, हे सुरुवातीच्या दिवसांत म्हणायचं. तुम्ही दोघं या सगळ्यांच्या पुढं आला आहात.

तिच्या एखाद्या जुन्या मेसेजमध्ये किंवा वाढदिवसाच्या कार्डावर हा डे एल अशी तीन अक्षरं दिसली तर ती हाब दिश लीपची आहेत. एसएमएसमध्ये 160 अक्षरं बसायची त्या काळात शाळकरी मुलामुलींनी हे सुरू केलं आणि मग हा डे गे डे एल आलं, हाब दिश गान्त्स डॉल लीप, म्हणजे खूप खूप. तिच्या वयाच्या मुली यातच वाढल्यात.

आणि ती कधी इश लीबे दिश म्हणालीच तर उत्तर इश दिश आउख असं द्यायचं. नुसतं इश आउख म्हणून थांबू नकोस, त्यात दिश राहून जातं आणि ज्याला म्हणायचं तोच वाक्यातून गळतो. तू आधी म्हणालास तरी काही बिघडत नाही, पण फोन ठेवता ठेवता म्हणू नकोस, समोर असताना म्हण.

जर्मन_शिकवते_पुणे

राइनकाठची ताईंनी छान लिहिलंय, मी थोडं व्याकरणाचं सांगते कारण याच ठिकाणी आपली मराठी मुलं हमखास अडकतात.

मराठीत तुला हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो, तुला देतो आणि तुला बघतो. जर्मनमध्ये देण्याच्या ठिकाणी दिअर आणि बघण्याच्या, प्रेम करण्याच्या ठिकाणी दिश. म्हणून आपल्याकडून इश लीबे दिअर निघतं. बर्लिनच्या बोलीत जुने लोक हे दोन्ही एकमेकांत मिसळतात हे खरं आहे, पण तू आखेनला आहेस, तू दिशच म्हण. तसंच आपण म्हणतो तू मला आवडतेस, त्याच्या साच्यात तंतोतंत बसणारं दु गेफेल्स्ट मिअर असं वाक्य जर्मनमध्ये आहे, तू कर्ता आणि मला चतुर्थी, म्हणून मुलांना ते फार जवळचं वाटतं आणि ती प्रेम सांगायला ते वापरतात. पण ते बहुतेक दिसण्याबद्दल असतं, तू छान दिसतेस, नजरेत भरतेस. पहिल्या भेटीत ठीक, तुझ्या टप्प्यावर नको. आठवण येते यासाठी मात्र दु फेल्स्ट मिअर फार सुंदर आहे, तू गावाला गेलास की हे लिही.

लीप हाबेन हे जोडक्रियापद आहे, त्यामुळे साध्या वाक्यात लीप शेवटी जाणार, मधे कितीही शब्द घाल, इश हाब दिश झो झेअर लीप. शेवटचा ब नाही, प. लिहिताना ब दिसतो पण उच्चार लीप.

आता इश. तो श नाही आणि ख पण नाही. मी क्लासमध्ये असं सांगते की आपला ह्या म्हणायला जीभ लावा, ती तिथंच ठेवा आणि आवाज न काढता फक्त वारा सोडा. ह्या, ह्याला, ह्यांना असं आठदहा वेळा म्हणून मग वारा सोडायचा. मराठी बोलणाऱ्याला हे इतरांपेक्षा लवकर जमतं कारण जीभ तिथं जायची सवय आपल्याला असतेच.

आणि एक फार महत्त्वाचं, ईस्टरच्या आधी हे पक्कं कर. माइने फ्रॉइंडिन म्हणजे माझी प्रेयसी. कुणा साध्या मैत्रिणीबद्दल बोलताना आइने फ्रॉइंडिन फोन मिअर म्हणायचं, माझ्या मैत्रिणींपैकी एक. माझ्याकडे ए1 ला म्हणजे पहिल्या पातळीला लग्न ठरलेल्या मुली येतात, जर्मनीत नवऱ्याकडे जायला बऱ्याच जणींना ते सर्टिफिकेट लागतं, आणि त्या अगदी सहज माइन फ्रॉइंट म्हणत वर्गातल्या मित्राची ओळख करून देतात. हे माइन आणि आइन फोन मिअर मी पहिल्या आठवड्यातच घोटून घेते.

राइनकाठची

मॅडम, उच्चाराचं अगदी बरोबर, परीक्षेला तेच हवं. पण सोलापूरकर, तुला एक सांगून ठेवते, राइनलंडमध्ये लोक स्वतःच इश म्हणतात, अगदी आपल्या श सारखं. कोलोन, ड्यूरेन, आखेन सगळीकडे. ड्यूरेनच्या आजीला तुझा श मुळीच खटकणार नाही, उलट हा आपल्याकडचाच दिसतो असं वाटेल. तिच्या बोलीत प्रेमाचं वाक्य इश हान दिश येन असं आहे, म्हणजे गेर्न हाबेनच. एकदा म्हणून बघ आजीसमोर.

कोल्हापुरी_म्युनिक

भावा, इथं म्युनिकला सगळं वेगळंच आहे. बव्हेरियन बोलीत लीबेन हे क्रियापद जवळपास नाहीच, पुस्तकातलं वाटतं. इथं माणूस इ मॉग दि म्हणतो. शब्द बघितला तर मला तू आवडतेस एवढाच, पण इकडचा शेतकरी बायकोला हेच म्हणतो आणि त्याच्या वर काही नाही. सप्टेंबरात ऑक्टोबरफेस्टला ये, गळ्यात अडकवायची मसालेदार बिस्किटाची मोठी हृदयं मिळतात, लेबकूखनहेर्त्स म्हणतात, त्यावर साखरेनं इ मॉग दि लिहिलेलं असतं, श्पात्सल लिहिलेलं असतं. श्पाट्स म्हणजे चिमणी आणि श्पात्सल म्हणजे अगदी आपली चिऊ. फोनवर शेवटी बुसी म्हणतात, म्हणजे पापा, आणि ते बहिणीलाही चालतं.

आणि लीबे फार जड आहे असंही आता राहिलं नाही. मॅकडोनाल्ड्सची ती आय अ‍ॅम लव्हिन इट वाली जगभरची जाहिरात आहे ना, ती 2003 मध्ये पहिल्यांदा म्युनिकमध्येच सुरू झाली, इथल्याच बाजूच्या उंटरहाखिंगमधल्या एजन्सीनं केलेली, आणि जर्मनमध्ये तिचं वाक्य होतं इश लीबे एस. आज पोरं पिझ्झालाही लीबे लावतात, सिरियललाही लावतात. तेव्हा म्हणून टाक, इतका हिशोब नको करू.

राइनकाठची

पिझ्झाला लीबे म्हणणं वेगळं आणि माणसाला दिश म्हणणं वेगळं हो. वस्तूला सैल झालंय, माणसाला अजून तेवढं सैल झालेलं नाही, निदान आमच्या बाजूला तरी. पण बोलीचं तुम्ही जे म्हणालात ते मात्र मला फार पटलं.

एल्बेकाठचा_नागपूरकर

बोलीवरनं मीपण लिहितो. मी हॅम्बुर्गला असतो, बायको इथल्या खेड्यातली आहे, तिचे आजोबा प्लाट म्हणजे इकडची उत्तरेची बोली बोलायचे. प्लाटमध्ये इक हेफ दि लेफ म्हणतात, म्हणजे शब्दाला शब्द लावला तर हेच इश हाब दिश लीप. आणि त्यांच्याकडे प्रेमासाठी हेच एक मोठ्ठं वाक्य आहे. आता बघा ना भाऊ, उत्तरेत लेफ हेबेन, दक्षिणेत मॉग, राइनवर गेर्न हाबेन, म्हणजे घरच्या बोलीत पिढ्यानपिढ्या लोकांनी प्रेम केलं ते याच साध्या शब्दांनी, लीबेन पुस्तकांतून आणि शाळेतून घरात आला. म्हणून ज्यांच्या घरी आजीआजोबा बोली बोलतात त्या मुलीनं तुला लीप म्हटलं तर त्यात लीबेपेक्षा घर जास्त आहे. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटते, कारण क्लासात एक शिडी शिकवतात, खाली माग मग गेर्न मग लीप मग वर लीबेन, आणि आपण तिथं माणसाला मोजायला बसतो की ही कोणत्या पायरीवर आहे. घरातले शब्द त्या शिडीवर बसतच नाहीत.

हाक मारायचं म्हणशील तर शाट्स. सगळे वापरतात म्हणून कंटाळवाणा असं नेटवर लिहितात, माझं मत उलटं आहे. शाट्स म्हणजे खजिना, आपलं सोनं म्हणतो तसं. विशीतले म्हणतात, सत्तरीतलेही म्हणतात, सुपरमार्केटात दुधाच्या कपाटापाशी शाट्स अशी हाक आली की चार माणसं वळतात, पण घरी तो तुमच्या दोघांचाच असतो. पुन्हा त्यात व्याकरणाचं टेन्शन नाही, बाई असो की माणूस, माइन शाट्सच. शात्सी पण चालते. शेत्सशेन मात्र जपून, अनोळखी बाईला म्हटलं तर तिला कमी लेखल्यासारखं होते आणि भांडणात म्हटलं तर आणखीच वाईट.

जर्मन_शिकवते_पुणे

हो, लिंग शब्दाचं असतं, माणसाचं नाही. माइन शाट्स दोघांनाही, माइने माउस मुलालाही म्हटलं तरी माइनेच. आणि शेन लावलं की सगळं नपुंसकलिंगी, दास मॉइसशेन, दास बेअरशेन. लहान करून लाडाचं करायची ही शेपटी प्रत्येक भागात निराळी, उत्तरेत शेन, स्टुटगार्टकडे ले, बव्हेरिया ऑस्ट्रियात अल किंवा एर्ल, स्वित्झर्लंडला ली. एखाद्याच्या हाकेवरून तो कुठला हे कळतं.

लिमाटवाली

झ्युरिकहून एक भर. इथं इ हा दि गेर्न म्हणतात, म्हणजे नागपूरकरांच्या यादीत आणखी एक. आणि लाडाचं म्यूसली म्हणजे छोटं उंदरू, नाश्त्याचं असतं ते म्युएस्ली, तेवढा स्वर नीट लांबवा.

सोलापूरकर_आखेन

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. नागपूरकर दादा, शिडीचं वाचून मी बराच वेळ फोन बाजूला ठेवून बसलो. मी खरंच तेच करत होतो, तिला पायरीवर मोजत होतो.

प्राण्यांचं अजून कुणी नीट सांगितलं नाही. तिची आई तिला माउस म्हणते, मग मी म्हटलं तर चालेल का? आणि ती मला विचारते की मराठीत तुम्ही काय म्हणता, त्यावर मला पटकन काही सुचलं नाही.

राइनकाठची

प्राणी सगळेच खरे आहेत, यादी खोटी नाही. माउस आणि हाझे म्हणजे ससा, हे सगळ्यात जास्त, लेकरांना आणि जोडीदाराला दोन्हीकडे. बेअर, बेअरशेन बहुतेक पुरुषांना. श्पाट्स दोघांना. श्नेके म्हणजे गोगलगाय, हेही प्रेमाचंच आहे पण काही बायकांना मुळीच आवडत नाही, विचारल्याशिवाय नको. श्नुकी वगैरे मला तरी जुनाट वाटतात. लीबलिंग जरा जुन्या वळणाचं, पण आवाजात माया असली तर छान वाटतं. झ्यूसे म्हणजे गोड, ते मैत्रिणीही एकमेकींना म्हणतात. डॉर्टमुंड एसेनकडची मुलं आपल्या प्रेयसीबद्दल दुसऱ्यांशी बोलताना माइने पेर्ले म्हणतात, माझा मोती, पण ते तिकडचं, तुझ्या तोंडी उसनं वाटेल.

तिच्या आईचं माउस आईकडेच राहू दे. माझं मत आहे हे, नियम नाही, पण जो शब्द लहानपणापासून आईचा आहे तो नवऱ्याच्या किंवा मित्राच्या तोंडून प्रत्येकीला हवासा वाटतोच असं नाही. तू शाट्सनं सुरुवात कर, तिचा स्वतःचा एखादा शब्द बोलण्यात आपोआप निघेल. जोडप्यांचे खरे शब्द असेच कुठल्यातरी प्रवासात, आजारपणात, स्वयंपाकघरात तयार होतात, आणि ते यादीत कधीच नसतात.

एल्बेकाठचा_नागपूरकर

आणि मराठीतलं तिला दे ना एक! पिल्लू म्हण, राणी म्हण, सोन्या म्हण. माझी बायको मला इतकी वर्षं राजा म्हणते, तिचा र घशातून येतो आणि तो मला मराठी र पेक्षा गोड वाटते. तिला ण जमणार नाही म्हणून राणी तू म्हणायचं आणि सोन्या तिनं म्हणायचं असं ठरवा. दोन्ही भाषा घरात राहिल्या पाहिजेत, तू जर्मन शिकला म्हणून मराठी बाहेर काढू नको.

पत्रांची_पेटी

मी फ्रांकफुर्टजवळ राहते आणि मला वाटतं की पहिल्यांदा लीबे लिहून द्यावं. बोलताना जीभ अडखळते, उच्चार आठवतो, दिश की दिअर आठवतं, लिहिताना मात्र माणूस शांत असतो. इथं हातानं लिहिलेल्या कार्डाला अजून फार मान आहे, दुकानात कार्डांची अख्खी भिंत असते आणि लोक ती खरंच घेतात. वर लिही माइने लीब्स्टे, बोलण्यात हे कमी येतं पण पत्रात फार शोभतं, आणि खाली सही करताना दाइन, म्हणजे तुझा, आणि तुझं नाव. एवढंच. त्या एका दाइनमध्ये खूप येतं.

तुम्ही दोघं राइनच्या बाजूला आहात म्हणून आठवलं, संगीतकार बेटोफेन, आपण बीथोवन म्हणतो तो, बॉनचाच, आणि त्याचं ते 1812 मधलं प्रसिद्ध पत्र माइन एंगल, माइन आलेस, माइन इश असं सुरू होतं, माझी देवदूत, माझं सर्वस्व, माझा मी. कुणाला लिहिलं त्यावर अभ्यासक अजून वाद घालतात, ते त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या सामानात सापडलं. पण मला त्याहून जास्त ओढ आहे ती साध्या माणसांच्या पत्रांची. कोब्लेंझच्या विद्यापीठात प्रेमपत्रांचा मोठा संग्रह आहे, 1997 मध्ये झ्युरिकला त्याची सुरुवात झाली आणि लोकांनी घरातली, आजीआजोबांच्या कपाटातली पत्रं आणून दिली, सैनिकांची, कामगारांची, शाळकरी पोरांची चिठ्ठीसुद्धा. जर्मन लोक प्रेम बोलत नाहीत असं आपल्याकडे लोक फार सहज म्हणतात, त्यांनी हा संग्रह एकदा बघावा.

एक मात्र लक्षात ठेव, ऑफिसच्या मेलमध्ये लीबे अमुकतमुक आणि खाली लीबे ग्र्यूसे येतं ते प्रेम नाही, ते प्रिय आणि सप्रेम नमस्कार आहे. माझी एक नवीन आलेली मैत्रीण त्या एका मेलवरून दिवसभर काळजीत होती की सहकाऱ्याला काय उत्तर द्यावं.

सोलापूरकर_आखेन

कार्ड लिहिणार, नक्की. ताई, ईस्टरचं राहिलं तेवढं सांगा ना.

राइनकाठची

हो सांगते. आईवडिलांना पहिल्यांदा भेटतोयस तर झी म्हणजे आदराच्या तुम्ही नं सुरू कर आणि त्यांनी दु म्हणजे तू म्हणायला सांगितलं की दु. हे मोठ्यांनी सांगायचं असतं, धाकट्यानं मागायचं नसतं. तुझ्या वयाच्या मुलीच्या घरी बहुतेक दारातच नाव सांगून हात पुढं करतील, ते नाव म्हणजेच दु म्हण असा अर्थ, मग तू पुन्हा झी वर जाऊ नकोस, त्यांना परकं वाटेल. आपल्याला मोठ्यांना नावानं हाक मारायची लाज वाटते मला माहिती आहे, मलाही सासूबाईंना नावानं हाक मारणं जड गेलं, पण इथं काकाकाकू चालत नाही, नाव घेणं हाच आदर आहे. आजीला ओमा तिनं सांगितल्यावर म्हण.

फुलं ने, कागद काढून दे, आईसाठी ट्युलिप किंवा रंगीत काहीही, फक्त लाल गुलाब नको, ते तुझ्या मैत्रिणीचे. सगळ्यांसमोर तिला शाट्स म्हटलंस तर कुणालाही वावगं वाटणार नाही. लीबे दिश तिथं नको, ते तुमच्या दोघांचं.

आणि आता जे सांगते ते नीट वाच, कारण ती ड्यूरेनकडची आहे म्हणजे हे तिच्या गावात असणारच. राइनलंडमध्ये 30 एप्रिलच्या रात्री मुलगा आपल्या प्रेयसीच्या घरासमोर बर्चचं झाड उभं करतो, मायबाउम. त्याला क्रेप कागदाच्या रंगीत पट्ट्या बांधतात आणि वर लाकडी हृदयावर तिचं नाव. सकाळी गाव उठतं तेव्हा कुणाच्या दारात झाड आहे ते सगळ्यांना दिसतं. महिनाभर ते तिथं राहतं आणि मे संपला की मुलानं स्वतः येऊन काढायचं, तेव्हा तिची आई केक देते, वडील बिअरचा क्रेट देतात आणि मुलगी पापा देते. लीप वर्षात उलटं, मुली मुलांच्या दारात लावतात, 2024 मध्ये त्यांची पाळी होती, आता 2028 ला. म्हणजे या वर्षी तुझी. ते झाड बोलतं तेवढं कुठलंही वाक्य बोलत नाही रे, आणि ओमाला ते सगळ्यात आधी कळेल.

सोलापूरकर_आखेन

ताई हे मला कुणीच सांगितलं नव्हतं! गेल्या मे महिन्यात गावाकडं जाताना मी ती झाडं पाहिली होती, मला वाटलं काहीतरी सण असेल. करणार म्हणजे करणारच. पण झाड आणायचं कुठून? जंगलातून तोडलेलं चालतं का आणि माझ्याकडं मित्राची छोटी गाडी आहे, त्यात बसेल का?

राइनकाठची

जंगलातून परस्पर तोडायचं नाही, ती चोरी धरतात. एप्रिलच्या शेवटच्या दिवसांत वनखातं आणि शेतकरी ठरावीक ठिकाणी विकतात, त्या गावच्या फेसबुक ग्रुपवर किंवा तिच्या भावाला विचार, भाऊ नसेल तर वडिलांना गुपचूप विचार, ते खूश होतील. फार मोठं घेऊ नकोस, तीनचार मीटर पुष्कळ. गाडीच्या मागं एक मीटरपेक्षा जास्त बाहेर आलं तर लाल कापड बांधावं लागतं, ते आधीच ठेव. क्रेपच्या पट्ट्या पावसात रंग सोडतात त्यामुळे भिंतीला टेकवू नकोस, कुंपणाच्या खांबाला दोन ठिकाणी जाड दोरीनं आवळून बांध, वारा आला की एका गाठीवर टिकत नाही. सोबत दोन मित्र ने, आणि रात्री बाराच्या आत बांधलंस तर थोडा वेळ तिथंच थांब, गावातली पोरं दुसऱ्यांची झाडं पळवतात आणि मग ती सोडवायला तुलाच बिअर पाजावी लागेल.